संगणकाचा अक्षरपडदा

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत हा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या पडद्याविषयी काय बोलावयाचे? त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. मागावर काम करणाऱ्याचे कान जातात, खाणीत काम करणाऱ्याची छाती जाते आणि पडद्यासमोर आठ तास बसणाऱ्याचे डोळे शिणतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी आमची चळवळ पुष्कळ भांडली आहे. तिसरीबद्दल आम्ही गप्प असतो, आणि त्याचे कारण असे की पडद्यावरचे अक्षर लहान असणे हा कोणाचा तरी निर्णय आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही. पाऊस जसा पडतो तसे अक्षर पडद्यावर पडते, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्या अक्षराची उंची, रुंदी, रंग आणि ओळींची संख्या ही सारी कोठेतरी लिहून ठेवलेली असते. ती कोठे लिहिलेली असते, कशी बदलावयाची आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

धंतोलीकरांना हा विषय घराच्या दारातलाच. रामकृष्ण मठापासून कोणत्याही दिशेला चालू लागा, दर चार घरांआड एक रुग्णालय लागते. प्रत्येक रुग्णालयात बिलाची एक खिडकी, औषधाची एक खिडकी, रक्ततपासणीची एक खिडकी. रोग्याचे नातेवाईक खिडकीच्या बाहेर उभे असतात आणि आत एक मुलगा किंवा मुलगी पडद्याकडे पाहून आकडे सांगत असते. ८ चे ३ वाचले गेले किंवा दशांशचिन्ह दिसलेच नाही, तर त्याचा भुर्दंड बाहेरच्याला आणि बोलणी आतल्याला. म्हणजे अक्षर नीट दिसणे हा खिडकीच्या दोन्ही बाजूंचा प्रश्न आहे.

संगणकाचे पडदे दोन तऱ्हेचे असतात. एकावर चित्रे, खिडक्या आणि बाण दिसतो. तो सर्वांच्या ओळखीचा. दुसरा असतो निव्वळ अक्षरांचा. काळी पार्श्वभूमी, तीवर पांढरी किंवा करडी अक्षरे, आणि एक लुकलुकणारी आडवी रेघ. त्याला इंग्रजीत टेक्स्ट कन्सोल म्हणतात. आम्ही अक्षरपडदा म्हणू. तो कालबाह्य झाला असे म्हणणाऱ्यांनी एकदा मागच्या खोलीत डोकवावे. जेथे सर्व हिशेब साठवणारा मोठा संगणक ठेवलेला असतो, तेथे बहुधा हाच पडदा असतो. जुन्या फॉक्सप्रो पद्धतीचे हिशेबाचे कार्यक्रम अजून चालतात, ते याच तऱ्हेचे. आणि घरच्या संगणकाचा चित्रांचा पडदा बिघडला की दुरुस्तीसाठी शेवटी आपण येऊन पोचतो तो याच काळ्या पडद्यावर. लिनक्स असलेल्या संगणकावर तो पाहावयाचा असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकत्र दाबाव्यात. परत यावयाचे असेल तर त्याच रीतीने एफ-१ किंवा एफ-२. काही मोडत नाही. निर्धास्त करून पाहावे.

आता या पडद्याची घडण पाहू. शाळेत गणिताची चौकटीची वही असते ना, तसा हा पडदा आहे. प्रत्येक चौकटीत, म्हणजे घरात, एकच अक्षर. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने जो घरगुती संगणक आणला त्याच्या पडद्यावर आडवी ८० घरे आणि उभ्या २५ ओळी होत्या. ८० गुणिले २५ म्हणजे २००० घरे. प्रत्येक घरासाठी यंत्राच्या स्मृतीत दोन बाइट राखलेले: एकात कोणते अक्षर आहे त्याचा क्रमांक, दुसऱ्यात त्याचा रंग व पार्श्वभूमीचा रंग. एवढ्या ४००० बाइटांत सगळा पडदा मावत असे. या काटकसरीचे कौतुक करावे तितके थोडे.

पण ८० च का? ७० किंवा १०० का नाहीत? हा आकडा पडद्यापेक्षा जुना आहे. १८९० साली अमेरिकेच्या खानेसुमारीत हर्मन हॉलरिथ याची भोके पाडलेल्या कार्डांची यंत्रे वापरली गेली. त्याच परंपरेतून पुढे आय.बी.एम.ने १९२८ साली ८० रकान्यांचे कार्ड काढले. एका रकान्यात एक आकडा किंवा एक अक्षर. पुढे कार्डांची जागा पडद्यांनी घेतली तेव्हा ओळीची लांबी तशीच राहिली, कारण सारे कार्यक्रम ८० रकाने धरूनच लिहिलेले होते. म्हणजे १९२८ सालच्या एका पुठ्ठ्याची रुंदी आज धंतोलीतल्या बिलाच्या खिडकीवर राज्य करीत आहे. यंत्रे बदलतात पण त्यांतल्या सवयी मागच्या यंत्राकडून वारसाहक्काने येतात, हे गिरणीत काम केलेल्यांना निराळे सांगावयास नको.

अक्षराची आकृती ठिपक्यांनी बनते. १९८७ साली व्हीजीए नावाची पद्धत आली, तीत एका घराची रुंदी ९ ठिपके आणि उंची १६ ठिपके होती. ८० घरे गुणिले ९ म्हणजे ७२०, आणि २५ ओळी गुणिले १६ म्हणजे ४००. पडदा ७२० बाय ४०० ठिपक्यांचा. कोणत्या क्रमांकाच्या अक्षराची ठिपक्यांची आकृती कशी, याचा एक तक्ता यंत्रात असे. त्याला फॉन्ट म्हणावयाचे. त्या तक्त्यात २५६ आकृत्या मावत. रंगांची संख्या थोडी कमी करण्यास तयार असाल तर ५१२. या दोन आकड्यांकडे लक्ष असू द्यावे, पुढे मराठीच्या संदर्भात त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

येथून पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. जुन्या १४ इंची फुगीर काचेच्या पडद्यावर लिखाणाचा भाग सुमारे १९ सेंटिमीटर उंच असे. त्यात २५ ओळी म्हणजे ओळीला साडेसात मिलिमीटर. आज आपल्या टेबलावर २१.५ इंची सपाट पडदा असतो, म्हणजे दीडपट मोठा. त्याच्यात ठिपके १९२० बाय १०८०. आता लिनक्सने जुन्या सवयीने ८ बाय १६ ठिपक्यांचा फॉन्ट लावला, तर हिशेब काय होतो? १९२० भागिले ८ म्हणजे एका ओळीत २४० घरे. १०८० भागिले १६ म्हणजे ६७ ओळी. जेथे २००० घरे होती तेथे १६ हजारांवर घरे! आणि ओळीची उंची साडेसात मिलिमीटरवरून जेमतेम ४ मिलिमीटरवर आली. पडदा वाढला आणि अक्षर निम्मे झाले. नवा मोठा पडदा दिल्याबद्दल कारकुनाने आभार मानावयाचे, आणि महिन्याभरात कपाळ दुखते म्हणून चष्म्याचा नंबर तपासावयास जावयाचे, असा हा प्रकार.

अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही हे ठरविण्यासाठी आम्ही सभासदांना एक साधी युक्ती सांगतो. शाळेतली फूटपट्टी घ्यावी आणि पडद्यावरच्या एखाद्या मोठ्या रोमन अक्षराची, उदाहरणार्थ एच्‌ची, उंची मोजावी. पडद्याच्या कामासाठी आय.एस.ओ. ९२४१ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात अक्षराचे मोजमाप कोनात सांगितले आहे, कारण तेच अक्षर जवळून मोठे दिसते आणि लांबून लहान. डोळ्यापाशी अक्षराने किमान १६ मिनिटांचा कोन करावा आणि २० ते २२ मिनिटांचा असेल तर उत्तम. एका अंशाची मिनिटे ६०. डोळा आणि पडदा यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, म्हणजे साधारण हात लांब केला की बोटे काचेला लागतील इतके, तर १६ मिनिटे म्हणजे २.८ मिलिमीटर आणि २० मिनिटे म्हणजे साडेतीन मिलिमीटर. आता वरच्या आपल्या ४ मिलिमीटरच्या ओळीत मोठे अक्षर किती उंच? घराच्या १६ ठिपक्यांपैकी सुमारे १० ठिपके, म्हणजे अडीच मिलिमीटर. किमान मर्यादेच्याही खाली! एवढे सिद्ध करावयास तज्ज्ञ नको, दहा रुपयांची पट्टी पुरते. वाटाघाटींच्या टेबलावर अशी पट्टी फार उपयोगी पडते, कारण “डोळे दुखतात” या तक्रारीला “चष्मा लाव” असे उत्तर मिळते. अडीच मिलिमीटरला तसे उत्तर नाही.

आता बदलावयाचे कसे ते पाहू. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांची रीत सांगतो, कारण कचेऱ्यांत व शाळांत तेच पुष्कळ दिसतात. आज्ञा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात; येथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.

पहिला मार्ग तात्पुरता. अक्षरपडद्यावर आपल्या नावाने आत शिरल्यावर ‘सेटफॉन्ट’ हा शब्द लिहावा, एक जागा सोडावी, मग उणे चिन्ह व त्याला लागून ‘डी’ लिहून एंटर दाबावे. नव्या आवृत्त्यांत याने अक्षर दोन्ही दिशांनी दुप्पट होते. ठिपके दुप्पट केल्यामुळे अक्षराच्या कडा थोड्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, पण दिसतात! नुसते ‘सेटफॉन्ट’ लिहून एंटर दाबले की मूळचा फॉन्ट परत येतो. या मार्गात एक विशेष आहे. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याच्या पुढे पडदा आहे तो स्वतः हे करू शकतो. मात्र यंत्र बंद करून सुरू केले की पुन्हा सारे पूर्ववत.

दुसरा मार्ग कायमचा. ‘सुडो’, जागा, ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’, जागा, ‘कन्सोल-सेटअप’ असे लिहावे. यंत्र परवलीचा शब्द विचारते व मग एकामागून एक चार प्रश्न करते. पहिला संकेतप्रणालीचा: तेथे यूटीएफ-८ हेच असू द्यावे. दुसरा लिपीसमूहाचा: इंग्रजी कामापुरता जो आधीच निवडलेला असेल तो राहू द्यावा. तिसरा फॉन्टच्या घराण्याचा: येथे टर्मिनस निवडावा. या फॉन्टमध्ये शून्य आणि ओ, तसेच एक आणि छोटा एल्, हे वेगळे ओळखू येतात, आणि आकड्यांच्या कामात तेच महत्त्वाचे. चौथा आकाराचा. २१.५ इंची पडद्याला आमच्या मते १२ बाय २४ योग्य: ओळीत १६० घरे, ४५ ओळी, आणि मोठे अक्षर सुमारे पावणेचार मिलिमीटर. पन्नाशीच्या पुढच्यांनी १६ बाय ३२ घ्यावा. तरीही १२० घरे आणि ३३ ओळी मिळतात, म्हणजे जुन्या ८० बाय २५ पेक्षा जास्तच. अक्षर मोठे केले तर मजकूर मावणार नाही, अशी जी भीती दाखवली जाते तिच्यात म्हणून काही तथ्य नाही.

हे प्रश्नोत्तर ज्या फायलीत साठते ती ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात, त्यातल्या ‘डिफॉल्ट’ कप्प्यात ‘कन्सोल-सेटअप’ या नावाने असते. ती उघडून पाहिली तर ‘फॉन्टफेस’ व ‘फॉन्टसाइझ’ या दोन ओळी सापडतील. हाताने बदलून ‘सेटअपकॉन’ ही आज्ञा दिली तरी तेच काम होते. फेडोरा प्रकारात हीच माहिती ‘ईटीसी’तल्या ‘व्हीकन्सोल डॉट कॉन्फ’ या फायलीत असते.

तिसराही एक मार्ग सांगितला जातो: यंत्र सुरू होतानाच पडद्याचे ठिपके कमी करावयाचे, १९२० बाय १०८० ऐवजी १०२४ बाय ७६८ करावयाचे. तो आम्ही सुचविणार नाही. सपाट पडद्यातले ठिपके कारखान्यातच पक्के झालेले असतात. कमी ठिपक्यांचे चित्र त्यांवर ताणून बसविले की अक्षर मोठे होते पण धूसर होते. आखूड झालेला सदरा ओढून लांब करण्यासारखेच ते. अक्षर मोठे करावे, पडदा लहान करू नये.

विंडोजवाल्यांचे काम थोडक्यात. तेथल्या काळ्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेले की फॉन्ट, त्याचा आकार व रंग सर्व बदलता येते. जुन्या डॉसमध्ये ‘मोड’, जागा, ‘सीओ४०’ असे लिहिले की ८० ऐवजी ४० घरे होऊन अक्षर दुप्पट रुंद होई. पण हिशेबाचे कार्यक्रम ८० घरे धरून बसलेले, त्यांची मांडणी विसकटे, म्हणून ती सोय असून नसल्यासारखी होती.

रंगाबद्दलही सांगितले पाहिजे. काळ्या पडद्यात मागच्या दिव्याचे आणि खिडकीचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते, आरसाच तो. डोळा अक्षराकडे पाहू की प्रतिबिंबाकडे, या ओढाताणीत थकतो. नागपूरच्या उन्हाळ्यातला दुपारचा उजेड ज्याच्या पाठीमागून येतो त्याने तर पडदा उलटा करून पाहावा. ‘सेटटर्म’, जागा, दोन उणे चिन्हे व त्यांना लागून ‘इन्व्हर्सस्क्रीन’, जागा, ‘ऑन’. पांढऱ्यावर काळी अक्षरे होतात, कागदासारखी. शेवटच्या शब्दाऐवजी ‘ऑफ’ लिहिले की पूर्ववत. अर्थात पडदा खिडकीला काटकोनात ठेवणे हा याहून चांगला उपाय, आणि त्याला कोणतीही आज्ञा लागत नाही. टेबल उचलायला दोन माणसे लागतात.

या पडद्यावर पूर्वी शिफ्ट आणि पेज-अप दाबून वर सरकून गेलेल्या ओळी पुन्हा पाहता येत. २०२० सालच्या लिनक्सच्या ५.९ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकण्यात आली. त्या भागाची देखभाल करणारे कोणी उरले नव्हते. सुखाच्या सोयीमागे कोणाचे तरी नित्याचे कष्ट असतात आणि ते थांबले की सोयही जाते, याचे हे ताजे उदाहरण आमच्या अभ्यासवर्गात आम्ही नेहमी देतो.

आतापर्यंत आम्ही रोमन अक्षरांबद्दल बोललो. मराठीचे काय? कन्सोल-सेटअपच्या दुसऱ्या प्रश्नात लिपीसमूहांची जी यादी येते ती सावकाश वाचून पाहावी. तीत अरबी आहे, आर्मेनियन आहे, ग्रीक, हिब्रू, थाई, लाओ, इथिओपियाची लिपी, जॉर्जियाची लिपी आहे. देवनागरी नाही. जॉर्जियाची सारी लोकसंख्या पाऊण विदर्भाएवढीही भरणार नाही. हा कोणी मुद्दाम केलेला अपमान आहे असे मात्र समजू नये. कारण चौकटीच्या वहीतच आहे.

मराठीची ३४ व्यंजने आणि बाराखडी यांचा गुणाकार केला तरी चारशेच्या वर आकृत्या होतात. क्ष, ज्ञ आणि इतर जोडाक्षरे वेगळी. रोमन अक्षरे, आकडे व चिन्हे यांना जागा देऊन हे सारे २५६ घरांच्या तक्त्यात बसणे शक्य नाही, ५१२ मध्येही ओढाताण. पण संख्येपेक्षा मोठी अडचण क्रमाची आहे. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. यंत्राच्या स्मृतीत त्याचे सहा संकेत असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, आणि दीर्घ वेलांटी. अक्षरपडद्याचा नियम असा की एक संकेत, एक घर. तो ‘स्त्री’ला सहा घरांत विखरू पाहतो आणि आकृती ठाऊक नसल्याने चौकोन किंवा प्रश्नचिन्हे काढतो. ‘कि’मधली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, लेखनात आधी. ‘अर्क’मधला रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे एकेक घर भरीत जाणाऱ्या यंत्राला हे कळावे कसे? उंचीचाही प्रश्न आहे. रोमन अक्षर घराच्या मध्यात बसते. मराठी अक्षराला वर वेलांटी व रफार, खाली उकार. १६ ठिपक्यांच्या घरातले तीन-चार वर आणि तीन-चार खाली राखले तर खुद्द अक्षराला आठ-नऊ उरतात. म्हणून त्याच पडद्यावर मराठीला रोमनपेक्षा उंच घर लागते, हे मापन करताना विसरता कामा नये.

ही कुचंबणा संगणकानेच आणली असेही नाही. खिळे जुळविणाऱ्यांच्या पुढ्यातली मराठी केस इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खणांची असे. टंकलेखन यंत्र आले तेव्हा लिपी यंत्राला जड जाते म्हणून लिपीच बदला, असा विचार जोर धरू लागला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली, तीत ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे आणण्याची सूचना मान्य झाली आणि पुढे ती मागे पडली. त्या मंडळींच्या हेतूबद्दल आम्हांला आदर आहे. पण बूट बेताचा निघाला म्हणून पाऊल तासावे, हा उपाय आम्हांला कधीच पटला नाही.

उलट्या दिशेने विचार झाला तो कानपूरला आणि नंतर पुण्याला. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये देवनागरीचा पडदा तयार करण्याचे काम चालू होते. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो लोकांनी पाहिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली हे काम तेथे जिस्ट या नावाने वाढले. जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटात बसवावयाची एक पाटी. तिची खुबी अशी की वरचा कार्यक्रम, मग तो डीबेस असो की वर्डस्टार, आपल्या समजुतीप्रमाणे एकामागून एक संकेत पाठवीत राही. ते संकेत अडवून त्यांतून ‘स्त्री’ जुळविणे, रफार योग्य डोक्यावर ठेवणे, ऱ्हस्व वेलांटी आधी काढणे हे सर्व ती पाटी करी. कार्यक्रम लिहिणाऱ्याला मराठीचा गंधही असण्याची गरज नव्हती. या संकेतांचे इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केले. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधला देवनागरीचा अक्षरक्रम इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. म्हणजे मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो त्याच्या मुळाशी या काळ्या पडद्यावरची खटपट आहे.

मग पुढे काय झाले? चित्रांचे पडदे स्वस्त झाले. त्यांवर कोणतीही आकृती कोठेही काढता येत असल्याने मराठी तेथे सुखाने नांदू लागली. जिस्ट कार्डाची गरज सरली, आणि त्याबरोबर अक्षरपडद्यावरच्या देवनागरीकडे पाहण्याचे कारणही सरले. १९९० च्या सुमारास काळ्या पडद्यावर जे दिसत होते ते आजच्या लिनक्सच्या काळ्या पडद्यावर जसेच्या तसे दिसत नाही, ही वस्तुस्थिती आहे. ज्याला आज अक्षरांच्या पडद्यावर मराठी नावे वाचावयाची आहेत त्याने चित्रांच्या पडद्यावर राहूनच ‘कन्सोल’ हेच नाव ‘के’ने लिहिलेला केडीईचा कार्यक्रम किंवा ‘एमएलटर्म’ वापरावा. तेथे देवनागरी बऱ्यापैकी जुळते. रकाने मात्र कधीकधी वाकडे होतात.

येथे कोणी विचारील, कारकुनाने इंग्रजीतच काम केले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. रोग्याचे नाव रोमन लिपीत लिहिले की ‘दाते’ आणि ‘डाटे’, ‘तावडे’ आणि ‘टावडे’ यांत फरक राहत नाही. दोन रोग्यांचे कागद एकमेकांत मिसळण्यास तेवढे पुरते.

आता अधिकाराकडे येतो. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसविण्याविरुद्ध मोठा लढा दिला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँक-मालकांची संघटना यांच्यात यंत्रे व संगणक यांबाबत करार झाला. या दोन्ही प्रसंगी मुख्य प्रश्न होता तो किती माणसांची जागा यंत्र घेणार हा, आणि तो तसा असणे स्वाभाविक होते. पण यंत्र आल्यावर त्याच्यासमोर बसणाऱ्याचे काय, हा त्यापुढचा प्रश्न. युरोपातील राष्ट्रांनी १९९० साली त्यासाठी पडद्यांवरच्या कामाचा निर्देश काढला. पडद्यावरची अक्षरे स्पष्ट व पुरेशा आकाराची असावीत, चित्र स्थिर असावे, उजेड कमीजास्त करणे काम करणाऱ्याच्या हातात असावे आणि त्याची दृष्टी तपासली जावी, अशा गोष्टी त्यात बंधनकारक केल्या आहेत. आपल्याकडे अशी मागणी करणाऱ्याला अजून लोक नाजूक समजतात.

येथल्याच एका रुग्णालयातल्या खिडकीवरच्या मुलींनी अक्षर मोठे करून द्या म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना “यंत्रात तशी सोय नाही” असे उत्तर मिळाले होते. सोय होती, परवलीचा शब्द मुलींकडे नव्हता, एवढेच. तात्पुरता बदल काम करणाऱ्याच्या हाती आणि कायमचा बदल ‘रूट’च्या हाती, अशी या यंत्राची रचना आहे, आणि रूट म्हणजे यंत्राचा मालक. म्हणून आमची सूचना अशी की तक्रार मोघम करू नये. कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: पडद्याचे माप, मोजलेली अक्षराची उंची, हवा असलेला फॉन्ट व आकार, आणि ज्या फायलीत तो बदल करावयाचा तिचे नाव. असा अर्ज हाती पडला की “सोय नाही” म्हणणे अवघड होते. त्या रुग्णालयात अर्जावर विचार करण्यास तीन आठवडे लागले आणि बदल करण्यास चार मिनिटे.

एक अडचण मात्र उरते. खिडकी एक आणि पाळ्या तीन. सकाळच्या पाळीतल्या मुलीला जे अक्षर पुरते ते रात्रपाळीच्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाला पुरत नाही. यावर तोडगा असा: प्रत्येकाने स्वतःच्या नावाने आत शिरावे, आणि आपापल्या घरकप्प्यातल्या ‘डॉट प्रोफाइल’ या फायलीच्या शेवटी आपल्याला हव्या त्या आकाराची ‘सेटफॉन्ट’ची ओळ घालून ठेवावी. टर्म या नावाची किंमत ‘लिनक्स’ असेल तरच ही ओळ चालवावी, अशी अटही तिच्याआधी घालावी. नाहीतर चित्रांच्या पडद्यावर ती उगीच कुरकुर करते. मग जो आत येतो त्याला त्याचे अक्षर मिळते. तो बाहेर गेल्यावर ते तसेच राहते आणि पुढचा आत आला की त्याच्या ओळीप्रमाणे बदलते. म्हणून ही ओळ तिन्ही पाळ्यांतल्या प्रत्येकाच्या फायलीत असली पाहिजे. एकाने जरी राहू दिली तरी त्याला आधीच्या माणसाचे अक्षर वापरावे लागते.